अनुमोदकाअभावी

शर्टाच्या खिशातलं पेन काढायचं, टोपण उघडून पेनाच्या मागच्या टोकाला बसवायचं, चष्म्यावरून समोरच्या प्रत्येकाकडे एकेकदा बघायचं आणि मग विचारायचं, "अनुमोदक कोण?"

समोर कधी तीस माणसं असत, कधी नुसते मुलगा आणि सून. सेक्रेटरींना फरक पडत नसे. सुनेनं "आज भेंडी करते" म्हटलं की ती झाली सूचना, सून झाली सूचक. आता अनुमोदन मिळाल्याशिवाय भेंडीला हात लावायचा नाही.

"बाबा, अनुमोदनसुद्धा मीच देते," वैशाली, म्हणजे त्यांची सून, म्हणायची, "पण चिरायला कोण बसतंय?"

"सूचकाला अनुमोदन देता येत नाही, सूनबाई. चिरायचं म्हणाल तर मी बसतो." आणि खरंच बसायचे. भेंडी अशी चिरायचे, की प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या मापाचा.

शारजातली आमची इमारत पाच मजल्यांची होती. आम्ही तिसऱ्यावर, ते बरोबर आमच्या डोक्यावर. गोष्ट नव्वदच्या दशकातली. सगळे नवरे पहाटे दुबईच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन बसत आणि संध्याकाळी तिथूनच उठून आल्यासारखे परतत. मधला सगळा दिवस बायकांचा, आणि सेक्रेटरींचा.

सेक्रेटरी हे त्यांचं आडनाव नव्हे. भुसावळला रेल्वेच्या मालधक्क्यावर ते हेड क्लार्क होते आणि तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे पहिले सेक्रेटरी. बायको गेल्यावर मुलानं त्यांना शारजाला आणलं. सेक्रेटरीपण ते बरोबर घेऊन आले, कारण त्याला विमानात वजन लागत नाही. ज्या देशात तेव्हा रुळाचा एक तुकडा नव्हता, तिथे हा माणूस रस्त्यावर सिमेंटचे ट्रक बघून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजायचा. मुलाबरोबर एकदा रास अल खैमाला जाऊन आले आणि मला म्हणाले, "लेखिकाबाई, एका मालगाडीचं काम आहे हो! उगाच शंभर ट्रक पळवतायत."

लेखिकाबाई म्हणजे मी. आता मी आजी आहे आणि नातवंडं माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देतात, पण त्या काळची मी हा पाहण्यासारखा प्रकार होता. मराठीत एम.ए., पहिला वर्ग थोडक्यात हुकलेला, आणि तो का हुकला हे मी कुणालाही, न विचारता सांगत असे. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकात माझ्या दोन कविता आल्या होत्या. दोन्हींत वाळू होती, दोन्हींत ती सोनेरी होती. भाजी आणायलासुद्धा मी काळा गॉगल लावून जायची. एखादं नाम एकटं दिसलं की मला त्याची दया यायची आणि मी त्याच्याशेजारी दोन विशेषणं बसवायची.

तर सेक्रेटरींनी आल्याच्या महिन्यातच गच्चीवर भाडेकरूंची सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच, लिफ्ट. ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबायची. शुक्रवारी सकाळी आम्ही सतरंज्या टाकून बसलो. चहा झाला. नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, पेशावरचा खान होता. तो धावतपळत वर आला.

"चाचा, ये मीटिंग-वीटिंग मत करो. अरबाब गुस्सा होगा." अरबाब म्हणजे मालक. सबंध इमारत त्या एका माणसाची. आमचा अधिकार कुलपाच्या किल्लीपुरता.

"बैठो खानसाब," सेक्रेटरी म्हणाले. "तुम निमंत्रित सदस्य हो."

खान बसला. त्याला आयुष्यात कुणी निमंत्रित केलं नसावं. ठराव झाला, सूचक-अनुमोदक झाले, खाननं तो मालकाला जाऊन सांगितला आणि उत्तर आणलं, "इन्शाल्ला." शब्दाचा अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'; म्हणजे होणार नाही, हे तिथं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सेक्रेटरींनी टोपण उघडलं आणि इतिवृत्तात लिहिलं, 'मालकांनी तत्त्वतः मान्यता दिली आहे.'

लिफ्ट वर्षभर तशीच होती. पण सभा चालू राहिल्या. गणसंख्या भरली नाही की ते सभा अर्धा तास तहकूब करायचे आणि त्याच जागी, त्याच माणसांना घेऊन पुन्हा सुरू करायचे. "उपविधीत आहे," म्हणायचे. तो अर्धा तास आम्हाला सगळ्यांत आवडायचा. त्यात बायका लोणच्याच्या फोडी वाटायच्या आणि खान पश्तूत काहीतरी गुणगुणायचा.

एके दिवशी भुसावळहून त्यांना पत्र आलं. संस्थेचा रौप्यमहोत्सव होता. स्मरणिका निघणार होती आणि तिच्यासाठी संस्थेचा इतिहास त्यांनीच लिहून पाठवावा अशी अध्यक्षांची विनंती होती. सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्तं वाळवीनं खाल्ली होती. म्हणजे तो इतिहास आता या एका डोक्यात होता, आणि ते डोकं आमच्या डोक्यावर राहत होतं.

"माझं अक्षर मालाच्या पावत्यांवर खराब झालं," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा. जसं सांगेन तसंच."

"काळजीच करू नका काका," मी म्हणाले आणि नवीन वही आणली. 'जसं सांगेन तसंच' हे मी ऐकलं नाही. मला ऐकू आलं ते 'तुम्ही लिहा' एवढंच.

आठवड्यातून तीन सकाळी आम्ही त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसायचो. ते सभेसारखे विषयांना क्रमांक देत सांगायचे आणि शारजात बसून मी भुसावळचा मालधक्का बघायची. रेल्वेचा माणूस तीस-तीस वर्षं क्वार्टरमध्ये राहतो. तिथेच मुलं होतात, त्याच भिंतीवर त्यांची उंची पेन्सिलीनं मोजली जाते. आणि रिटायर झाला की ठरलेल्या दिवशी भिंत परत करायची. एका ड्रायव्हरचं सामान त्यांनी असं रस्त्यावर पाहिलं होतं. हातगाडीवर पलंग, पलंगावर शिवणयंत्र, शिवणयंत्रावर तुळशीची कुंडी. "माणूस रडत नव्हता हो. क्वार्टरची चावी कुणाच्या हातात द्यायची ते विचारत हिंडत होता." त्याच आठवड्यात मालधक्क्यावर शेंगदाण्याच्या पोत्यांवर अकरा जण बसले आणि संस्था काढायचं ठरलं.

जमीन मिळाली ती गावाबाहेर, केळीच्या मळ्यांच्या कडेला. काळी माती आणि तिच्यावर बाभळींचं रान. जळगावच्या कचेरीत चपला झिजवल्या. पण खरी अडचण गणसंख्येची. सभासद सगळे रेल्वेचे. कुणी गार्ड, कुणी ड्रायव्हर, कुणी फायरमन. सभा बोलावली की निम्मे इटारसीत आणि उरलेले झोपलेले! मग सेक्रेटरींनी पहिली सभा प्लॅटफॉर्मच्या टोकाला भरवली. गाडी थांबली की ते गार्डाच्या डब्याशी रजिस्टर घेऊन पळायचे, विषय वाचायचे, सही घ्यायचे.

"एका गार्डानं तर हिरवं निशाण दाखवता दाखवता मत दिलं," ते म्हणाले.

"बाजूनं की विरोधात?"

"हिरवं होतं ना! मी बाजूनं धरलं."

मी हसून हसून लिहीत होते. मग एका मंगळवारी ते टेबलाशी बसले आणि पेन खिशातच ठेवलं.

"बाकी सगळे झाले. आज राहिलेला आठवा विषय," म्हणाले. "लिहा. सुपडू, गँगमन. रूळ राखणारा माणूस. जागेवरची बाभूळ तोडायला दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा. कुऱ्हाडसुद्धा त्याचीच. त्यानं सभासदत्वाचा अर्ज केला. अर्ज सभेपुढे मी ठेवला, सूचक मीच. मी विचारलं, अनुमोदक कोण? पंचवीस माणसं होती. एक हात वर आला नाही."

"का पण?"

"ग्रेड, म्हणाले नंतर. गार्डाच्या शेजारी गँगमन कसा." ग्रेडच्या खाली आणखी काय असतं ते तुम्हाला-मला कळतं. "मी सभा अर्धा तास तहकूब करू शकलो असतो. एकेकाला बाजूला घेऊन बोलू शकलो असतो. मी लिहिलं, 'अनुमोदकाअभावी अर्ज विचारात घेतला नाही.' आणि पुढचा विषय घेतला. विहिरीचा."

मी लिहून घेतलं. वैशालीनं चहा आणला, तो त्यांनी प्यायला नाही.

आता मी काय केलं ते ऐका. घरी येऊन मी पक्की प्रत करायला बसले. रौप्यमहोत्सव, मान्यवर, हारतुरे, आणि मध्येच हे? मला वाटलं, म्हातारा माणूस, भावनेच्या भरात बोलून गेला, लेखिकेनं सांभाळून घ्यायला हवं. आठवा विषय मी गाळला. त्याच्या जागी विहिरीचा परिच्छेद फुलवला. 'श्रमदेवतेच्या चरणी वाहिलेल्या घामाच्या मोत्यांतून झुळझुळलेली ती स्फटिकशुभ्र जलधारा' असं एक वाक्य मला अजून पाठ आहे. शिक्षा म्हणून पाठ ठेवलंय. आणि माझा उत्साह एवढा, की ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ बुधवारी मुंबईला निघाले होते, तिथून भुसावळला धाडायला त्यांच्या हाती मी ती प्रत देऊनही टाकली. सेक्रेटरींना शुक्रवारी वाचून दाखवायचं आणि 'पोचलीसुद्धा!' म्हणून थक्क करायचं.

शुक्रवारी त्यांच्या हॉलमध्ये मी माझ्याजवळची दुसरी प्रत वाचली. ऐकायला त्यांचा मुलगा, वैशाली आणि माझे हे. मी आवाज चढवला, उतरवला, जलधारेपाशी डोळे मिटले. टाळ्या पडल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "सातव्या विषयानंतर नववा आला."

"काका, म्हणजे, ते मी जरा... महोत्सवाचा प्रसंग. सगळे आनंदात असणार. त्यात ते बरं दिसलं नसतं."

"हो," ते म्हणाले. "तेव्हा आम्हीही हेच म्हणालो होतो."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला रागावता आलं असतं. वैशालीनं सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझा हात वर गेला. शाळेतल्या मुलीसारखा, सरळ. कुणी काही विचारलंही नव्हतं.

"कशाला?" हे म्हणाले.

"आठवा विषय परत घालायला. माझं अनुमोदन."

"आणि प्रत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ती... पोचली असेल," मी म्हणाले. म्हणजे थक्क तर झाले ते.

शनिवारी ह्यांनी साहेब जेवायला गेल्याचं बघून ऑफिसच्या फॅक्सवरून ते पान भुसावळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. तीन वेळा अडकलं. दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे सेक्रेटरींचे जुने मित्र, गार्ड होते, त्या सभेत हजर असलेले. मी आणि वैशाली जवळच उभ्या होतो.

"अरे, पंचवीस वर्षांनी ही भानगड कशाला?" पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "पहिलं पाठवलंस ते किती सुंदर आहे! स्फटिकशुभ्र वगैरे."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

"ते माझं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आठव्या विषयाशिवाय माझा इतिहास छापू नकोस. नुसत्या जाहिराती छाप."

"तसं मला एकट्याला ठरवता येत नाही. सभेपुढे ठेवावं लागेल."

"ठेव. मी येतो."

आणि गेले की! गुडघे दुखत होते, परतीच्या व्हिसाची कटकट होती, मुलगा म्हणत होता, "बाबा, एका पानासाठी?" बॅगेत दोन शर्ट आणि माझ्या अक्षरातलं आठव्या विषयाचं पान. या वेळी मी एकही विशेषण घातलं नव्हतं. विमानतळावर निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "लेखिकाबाई, चांगलं लिहिता हो. मध्ये मध्ये."

तीन आठवडे बातमी नाही. मग पत्र आलं, वैशालीनं वाचलं, आम्ही सगळे ऐकायला बसलो.

सभेत त्यांनी ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक कोण? 'पुन्हा तेच,' त्यांनी लिहिलं होतं, 'माणसं म्हातारी झाली होती, हात मात्र तसेच मांडीवर. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. मी उठलो आणि म्हणालो, सभा अर्धा तास तहकूब करा. ते म्हणाले, गणसंख्या आहे, कारण काय? मी म्हणालो, माझे गुडघे.'

त्या अर्ध्या तासात चहा आला. चहा घेऊन एका गार्डाची विधवा त्यांच्याशेजारी येऊन बसली. नवरा गेल्यावर घर तिच्या नावावर झालं होतं, म्हणून ती आता सभासद. ती म्हणाली, "भाऊ, ती सभा आमच्याच क्वार्टरात होती. चहा मी केला होता. दाराआड ट्रे घेऊन उभी होते, सगळं ऐकलं. तेव्हा मला हात वर करायची सोय नव्हती. आता आहे." सभा पुन्हा सुरू झाली आणि हात तिनं वर केला. मग आणखी दोन वर आले, मग बरेच. अध्यक्षांनी ठराव मंजूर म्हणून सांगितलं आणि चष्मा पुसत बसले.

"हुर्रे!" आमची धाकटी मुलगी ओरडली. तिला काय कळलं होतं कोण जाणे. पण पत्र संपलं नव्हतं.

छापलेलं पान घेऊन ते सुपडूकडे गेले. सुपडू लांब नव्हताच. संस्थेच्या कुंपणापलीकडे त्यानं पुढे स्वतःची जागा घेतली होती, घर बांधलं होतं, म्हशी घेतल्या होत्या. संस्थेतल्या घराघरात दूध त्याच्याच गोठ्यातलं. 'इतकी वर्षं दूध आणायला मी मुलाला पाठवलं,' त्यांनी लिहिलं होतं. 'त्या दारात मी पहिल्यांदा गेलो.'

त्यांचा मुलगा सोफ्यावर ताठ झाला. "किटली घेऊन मीच जायचो," म्हणाला. "मला वाटायचं, बाबांना चालायचा कंटाळा आहे."

सुपडूनं पान दोनदा वाचून घेतलं. मग हसला. म्हणाला, "सायेब, बरंच झालं की. तुमच्यात आलो असतो तर म्हशी कुठं बांधल्या असत्या? तुमच्याकडं जनावराला बंदी." सेक्रेटरीही हसले. मग सुपडू म्हणाला, "पण मी त्या दिवशी बाहेर ओट्यावरच होतो. एक हात जरी वर गेला असता, तरी घरी जाताना बरं वाटलं असतं."

'मी तिथंच बसून राहिलो,' पत्रात होतं. 'त्यानं दूध दिलं, ते प्यालो. आता रोज जातो. त्याच्या पडवीत बसायला बरं वाटतं. व्हिसाचं काय ते तुम्ही बघा, मला घाई नाही.'

व्हिसा गेला. सेक्रेटरी शारजाला परत आले नाहीत. आमच्या डोक्यावरच्या घरातून मुलगा आणि वैशाली पुढे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहायला गेले, तिथे एक मल्याळी कुटुंब आलं, खानही गावी गेला. सेक्रेटरी नंतर चारेक वर्षं होते. जाईपर्यंत त्या पडवीत जात होते असं वैशालीनं सांगितलं.

त्या पत्राच्या पाठोपाठ स्मरणिका आली होती, ती माझ्याजवळ आहे. आठवा विषय सातव्याच्या नंतर, नवव्याच्या आधी, जिथे असायला हवा तिथे. विहिरीला नुसतं 'विहिरीला पाणी लागले' एवढंच. स्मरणिकेत एक फोटोही घालून पाठवला होता, रंगीत, थोडा हललेला. रेल्वेतल्या ग्रुप फोटोंची एक शिस्त असते, तुम्ही पाहिली असेल. साहेब आणि क्लार्क खुर्च्यांवर, गँगमन-खलाशी मागे उभे. या फोटोत गोठ्यापुढे एकच खुर्ची आहे. तिच्यावर सुपडू बसलाय, हात गुडघ्यांवर, जरा संकोचलेला. मागे आमचे सेक्रेटरी उभे आहेत, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, पोट आत ओढून, आणि फोटो काढणाऱ्यानं आटपावं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नाही.